क्वांटम ऑफ सोलेस: घाईत वाया गेलेला एक चांगला बाँडपट

पानशेतकर

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात 'कसिनो रोयाल' आणि 'क्वांटम ऑफ सोलेस' लागोपाठ दोन रात्री पाहिले. पहिल्याची पारायणं झाली आहेत. दुसरा मात्र २००८ च्या नोव्हेंबरात थिएटरात पाहिला होता, त्यानंतर थेट आत्ता. तेव्हा बाहेर पडताना मित्राला म्हटलं होतं, "काय झालं ते कळलंच नाही रे." त्यावर तो म्हणाला होता, "पुन्हा पाहू." ते पुन्हा पाहणं राहूनच गेलं. आता सबटायटल लावून, मधे मधे थांबवून पाहिला. खूप वाईट वाटलं म्हणून इथे लिहितोय.

'कसिनो रोयाल'चा शेवट आठवा. व्हेनिसमधली इमारत पाण्यात खचतेय. बाँडची प्रेयसी व्हेस्पर लिफ्टच्या पिंजऱ्यात स्वतःला आतून कोंडून घेते. बाँड बाहेरून जाळी हलवतोय, ती त्याच्या हातांचं चुंबन घेते आणि मागे सरकते. कितीतरी वर्षांनी बाँड मालिकेत कुणाच्या तरी मरण्याने आपल्या पोटात खड्डा पडला होता. मग तो एमशी, म्हणजे आपल्या वरिष्ठ बाईंशी, फोनवर बोलतो ते इतकं कोरडं की आत काय चाललंय हे न सांगता कळतं. पुढच्या सिनेमाकडून माझी एकच अपेक्षा होती: हे गिळलेलं दुःख कधीतरी वर येईल.

पुढचा सिनेमा सुरू होतो तोही तिथूनच. बाँड मालिकेत असं थेट पुढचं पान उघडणं याआधी झालं नव्हतं. इटलीतल्या गार्डा सरोवराच्या काठचा बोगद्यांचा रस्ता, करडी ॲस्टन मार्टिन, मागे काळ्या अल्फा रोमिओ, डिकीत पकडून ठेवलेला मिस्टर व्हाइट, व्हेस्परच्या मरणामागच्या संघटनेतला माणूस. पहिले काही क्षण अप्रतिम आहेत. कॅमेरा पाण्यावरून बोगद्याकडे सरकत येतो, मधेच एक चाक, एक आरसा, एक डोळा, आणि आवाज जवळजवळ नाहीच. मग एकदम धडाका, आणि पुढच्या काही मिनिटांत कुठली गाडी कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. बाँडच्या बाजूचं दार तुटून जातं. ते नेमकं कधी आणि कशाने तुटलं हे पाहायला मला तीनदा मागे जावं लागलं. दार तुटलेल्या गाडीत, वाऱ्यावर उघडा पडलेला, नुकतंच प्रेमाचं माणूस गमावलेला नायक! केवढं चित्र होतं हे. ते नीट पाहायलाच मिळत नाही.

हे असं का झालं याचं कारण बऱ्याच जणांना माहीत असेल. हॉलिवुडच्या लेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ ला मिटला. पटकथालेखक पॉल हॅगिसने आपला मसुदा संपाच्या अगदी तोंडावर दिला होता. मुख्य शूटिंग जानेवारीत सुरू झालं, म्हणजे संप चालू असतानाच. डॅनियल क्रेगने पुढे मुलाखतीत सांगितलं की हातात पटकथेचा नुसता सांगाडा होता, तो आणि दिग्दर्शक मार्क फोर्स्टर मिळून प्रसंग लिहीत होते, आणि आपण काही लेखक नव्हे. जूनमध्ये शूटिंग आटोपलं आणि ऑक्टोबरअखेर सिनेमा ब्रिटनमध्ये पडद्यावर होता. 'कसिनो रोयाल' १४४ मिनिटांचा, हा १०६ मिनिटांचा. तोवरचा सगळ्यात छोटा बाँडपट.

बहुतेक जण म्हणतात की गोष्टच नव्हती, म्हणून फसला. मला ते पटत नाही. गोष्ट होती, आणि चांगली होती. खलनायक पाणी चोरतोय, नायक शोकात आहे. या दोन्हीकडे पाहत उभं राहायला सिनेमाने वेळ दिला नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांना आवडला त्यांनीही लिहा.

जुनी_वही

चांगला विषय. नावापासून सुरुवात करू या, कारण या नावाची तेव्हा फार टिंगल झाली होती.

'क्वांटम ऑफ सोलेस' ही इयान फ्लेमिंगची एक लघुकथा आहे, १९६० साली आलेल्या 'फॉर युवर आइज ओन्ली' या संग्रहातली. तिच्यात हेरगिरी जवळपास नाहीच. बहामात गव्हर्नरच्या घरी जेवण उरकल्यावर तो बाँडला एका मोडलेल्या लग्नाची हकीकत सांगतो आणि बाँड ऐकत बसतो, बस्स. दोन माणसांमध्ये आपुलकीचा, माणुसकीचा एक किमान अंश शिल्लक असेल तोवर काहीही सोसता येतं, तो शून्यावर आला की नातं संपलं, असं त्या गव्हर्नरचं म्हणणं. तो किमान अंश म्हणजे हे नाव. मला मराठीत 'दिलाशाचा कण' म्हणावंसं वाटतं.

व्हेस्परनंतरच्या बाँडला याहून नेमकं नाव मिळालं नसतं. पण सिनेमात 'क्वांटम' हे गुन्हेगारी संघटनेचं नाव करून टाकलं आणि 'सोलेस' वाऱ्यावर सोडलं. पानशेतकर, तुम्ही म्हणता ते इथेही दिसतं. अर्थ हाताशी होता, तो उलगडायला कुणी बसलं नाही.

सांजवारा

मला शीर्षकगीतही खटकलं. जॅक व्हाइट आणि अलिशिया कीज दोघंही आपापल्या जागी मोठे, बाँडपटातलं हे पहिलं युगुलगीत, पण दोघांचे आवाज एकमेकांना भेटतच नाहीत. आणि बंदुकीच्या नळीतून बाँड दिसतो ते दृश्य सुरुवातीला न ठेवता शेवटी टाकलंय. लहानपणापासून त्या दृश्याने खुर्चीत सावरून बसायची सवय लागलेली. त्या दिवशी सावरून बसायलाच मिळालं नाही.

कातरकाम

मी मालिकांचं एडिटिंग करते, त्यामुळे या सिनेमाबद्दल माझ्याकडे बोलायला बरंच आहे.

इटलीतल्या सिएना शहरातला पाठलाग घ्या. पालिओची घोड्यांची शर्यत खरी आहे, त्यांनी २००७ च्या ऑगस्टमध्ये जाऊन ती टिपून ठेवली होती. वर चौकात शर्यत, खाली तळघरात एमचा अंगरक्षक मिचेल फितूर निघतो आणि बाँड त्याच्या मागे लागतो. कागदावर हे किती सुंदर आहे. मग दोघं छपरांवर, तिथून एका घुमटाची काच फोडून आत, दोरांना लटकत, परातीवर परात आदळावी तशी फळ्यांवर आदळत. हे सगळं स्टंटवाल्यांनी खरोखर केलेलं आहे. आणि टाइमलाइनवर त्याचा भुगा केलाय.

तुकडे करणं वाईट नसतं. पण त्याला एक अट असते: आधी जागा दाखवावी लागते. वाइड शॉटमध्ये प्रेक्षकाला कळलं की दार डावीकडे, जिना मागे, शत्रू वर, की मग तुम्ही हात, पाय, डोळे कितीही तोडून जोडा, त्याच्या डोक्यात नकाशा तयार असतो. 'कसिनो रोयाल'मधला मादागास्करचा पाठलाग बघा. क्रेन आधी खालून दिसते, तिची उंची आपल्याला पोटात जाणवते, मगच माणसं वर चढतात. इथे नकाशाच दिलेला नाही. सेकंड युनिटचा, म्हणजे स्टंट आणि पाठलाग टिपणाऱ्या तुकडीचा, दिग्दर्शक डॅन ब्रॅडली जेसन बोर्न या हेराच्या सिनेमांवरून आलेला, दोन एडिटरपैकी रिचर्ड पिअर्सननेही 'द बोर्न सुप्रीमसी' केलेला. बोर्नला ती पद्धत शोभते, कारण तो स्वतःच गोंधळलेला, स्मृती गेलेला माणूस आहे, त्याचा गोंधळ आपण भोगतो. बाँडला खोलीत शिरताक्षणी खोली कळते. त्याच्या डोळ्यांनी बघताना आपल्यालाही ती कळायला हवी.

आता वेळेबद्दल. लोकांना वाटतं, वेळ नसला की सिनेमा लांबतो. माझा अनुभव उलटा आहे. रात्री अडीच वाजता एपिसोड द्यायचा असतो आणि सकाळी तो चॅनलकडे जायचा असतो, तेव्हा हात आपोआप जास्त कापतो. लांब शॉट ठेवायला धीर लागतो, कारण लांब शॉटमध्ये अभिनयातली, लिहिण्यातली, लायटिंगमधली प्रत्येक चूक उघडी पडते. तुकडे केले की चूक लपते. पटकथा अर्धी असली की प्रसंगाचा मधला भाग पोकळ निघतो, आणि ती पोकळी झाकायला कट हे सगळ्यात स्वस्त पांघरूण आहे. मी स्वतः हे शंभरदा केलंय, म्हणून दुसऱ्याच्या कामात ते मला लगेच ओळखू येतं.

बोडनकाठ

कातरकाम, तुमचं सगळं मान्य, पण या सिनेमात एक प्रसंग असा आहे जिथे त्यांनी अगदी उलट केलंय. ब्रेगेन्झचा ऑपेरा.

मी जर्मनीत फ्रीड्रिशहाफेनला असतो, ब्रेगेन्झ इथून सरोवराच्या काठाकाठाने जवळच, ऑस्ट्रियात. सरोवरात उभारलेला रंगमंच, समोर उतरत्या पायऱ्यांवर साधारण ७००० माणसं, डोक्यावर उघडं आभाळ. एका उन्हाळ्यात सहकाऱ्यांनी नेलं होतं. प्रयोग सुरू झाला तेव्हा उजेड होता, हळूहळू मागचं पाणी काळं झालं आणि रंगमंच तेवढा उरला. पाऊस भुरभुरला तर लोकांनी निमूट रेनकोट चढवले, कुणी उठलं नाही.

सिनेमात तिथे पुच्चिनीचा 'तोस्का' चालू आहे, तो प्रचंड निळा डोळा असलेला सेट २००७ आणि २००८ साली खरोखर तिथे होता. क्वांटमची मंडळी प्रेक्षकांत विखुरलेली, कानात यंत्रं, बैठक चालू. रंगमंचावर पहिल्या अंकाचा शेवट: चर्चमध्ये प्रार्थना घुमतेय आणि तिच्या आडून ऑपेरातला खलनायक स्कार्पिया आपला दुष्ट बेत आखतोय. प्रार्थनेच्या आडून कारस्थान, आणि प्रेक्षकांतही तेच. कुणी ते समजावून सांगत नाही. बाँड त्यांच्या संभाषणात तोंड घालतो, ते दचकून उठायला लागतात आणि उठणाऱ्यांचे तो फोटो काढतो. मिस्टर व्हाइट तेवढा शांत बसून राहतो. नंतरच्या गोळीबारात गोळ्यांचे आवाज जवळपास काढून टाकलेत, फक्त संगीत. तेवढी काही मिनिटं मला वाटत होतं की मी आजवरचा सगळ्यात चांगला बाँडपट पाहतोय.

मांजराकाठ

मी लातूरची. एरवी सिनेमाच्या धाग्यांवर लिहीत नाही, पण पानशेतकरांनी पाण्याचा उल्लेख केला म्हणून राहवलं नाही.

हा सिनेमा मी २०१७ च्या सुमारास टीव्हीवर पाहिला. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून आमच्याकडे पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. घरात तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासला असा क्रम ठरलेला होता. आई पिण्याच्या पाण्याचा हंडा देवघराशेजारी ठेवायची, म्हणजे येता-जाता कुणाचा धक्का लागू नये. टँकरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की शाळेतून आलेली पोरं दप्तर टाकून घागरी घेऊन पळायची. टँकरचा भाव आठवड्याला बदलायचा.

त्यामुळे खलनायक डॉमिनिक ग्रीन बोलिव्हियाच्या वाळवंटाखाली धरणं बांधून पाणी अडवतोय हे जेव्हा बाँड आणि त्याच्या सोबतीची कमिल यांना त्या विवरात दिसतं, तेव्हा मी ताठ बसले. आधी सगळ्यांना वाटत असतं की तो तेलाच्या मागे आहे. सीआयएलाही तेच वाटतं. बाँडला मदत करणाऱ्या फील्ड्स या ब्रिटिश एजंटला तेलात बुडवून मारतात तेही त्याच दिशाभुलीसाठी. आणि निघतं काय, तर पाणी. असा खलनायक मी सिनेमात पाहिला नव्हता. अणुबाँब नाही, उपग्रह नाही. पर्यावरणाच्या नावाने संस्था चालवणारा, सूट घातलेला, बुटका, गोड बोलणारा माणूस. तो जगाला धमकावतही नाही. फक्त नळ बंद करतो आणि मग विकायला येतो.

विवरातून बाहेर पडल्यावर ते दोघं एका वस्तीतून जातात. बायाबापड्या रिकामी भांडी घेऊन कोरड्या टाकीखाली उभ्या आहेत. तो प्रसंग सुरू झाला आणि मला वाटलं, आता. आता कुणीतरी बोलेल, एखाद्या बाईचा चेहरा दिसेल, भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज येईल. पुरतं पाहून होण्याआधीच पुढचा प्रसंग सुरू झाला.

मला राग आला होता. ज्या गोष्टीवर सगळं उभं आहे ती फक्त तेवढीच?

पानशेतकर

मांजराकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. मनापासून आभार.

यात भर एवढीच, की पाण्याचा हा भाग लेखकांनी हवेतून आणलेला नाही. बोलिव्हियात कोचाबांबा नावाचं मोठं शहर आहे. १९९९ मध्ये तिथला पाणीपुरवठा परदेशी कंपन्यांच्या एका गटाकडे सोपवला, दर भरमसाट वाढले आणि २००० च्या सुरुवातीला सगळं शहर रस्त्यावर आलं. शेतकरी, कामगार, विद्यार्थी. गोळीबारात एक १७ वर्षांचा मुलगा गेला. एप्रिल २००० मध्ये सरकारला करार रद्द करावा लागला. तिथे त्याला पाण्याचं युद्धच म्हणतात. शेवटी ग्रीन बोलिव्हियाची सत्ता परत मिळवू पाहणाऱ्या जनरल मेद्रानोपुढे कागद ठेवतो आणि आता पाणी माझ्याकडूनच घ्यावं लागेल असं सांगतो, त्या प्रसंगामागे हे सगळं आहे. मेद्रानो आधी नकार देतो. हुकूमशहासुद्धा एका क्षणी गप्प होतो, इतकं ते भयंकर आहे. पण तोवर हॉटेलला आग लागायची वेळ झालेली असते.

जुनी_वही

बोलिव्हियाचा विषय निघालाच आहे तर, वाळवंटातले बरेचसे प्रसंग चिलीत, आताकामामध्ये चित्रित झालेत. शेवटचं हॉटेल म्हणजे पारानाल वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञांचं राहण्याचं ठिकाण. तिथल्या सिएरा गोर्दाचा महापौर चिडून चक्क आपली गाडी घेऊन सेटवर घुसला होता, आमची भूमी बोलिव्हिया म्हणून का दाखवता म्हणून. आपल्याला हे जरा अतीच वाटेल, पण १८७९ ते १८८४ च्या युद्धात बोलिव्हियाने आपला सगळा किनारा गमावला तो चिलीकडेच, आणि तोही याच पट्ट्यात. दोन्ही देशांत ती जखम अजून ओली आहे. पाण्यापासून तोडलेल्या देशाची गोष्ट, आणि ती त्याच हरवलेल्या जमिनीवर चित्रित केलेली. कुणाच्या लक्षात आलं असेल का?

आणखी एक. इथे कुणीतरी क्रेगच्याच नंतरच्या 'स्पेक्टर' या बाँडपटाचं नाव काढेलच, म्हणून आधीच सांगतो. माझ्या लेखी खरी निराशा तो आहे. त्याला वेळ होता, पैसा होता, त्याआधीच्या 'स्कायफॉल'च्या यशानंतर सगळे पाठीशी होते, स्पेक्टर ही जुन्या बाँडपटांतली गुन्हेगारी संघटना आणि तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड यांचे हक्क २०१३ मध्ये इतक्या वर्षांच्या भांडणानंतर परत मिळालेले. १४८ मिनिटं. आणि केलं काय, तर ब्लोफेल्डला बाँडचा मानलेला भाऊ करून क्रेगच्या आधीच्या तिन्ही सिनेमांतली दुःखं त्याच्या खात्यावर टाकली. क्वांटम संघटना तर त्याच्या खिशातलं चिल्लर ठरवली. मांजराकाठ यांना जो खलनायक भिडला, त्याचं 'स्पेक्टर'मध्ये नुसतं नाव उरलं. घाईत बिघडलेलं मी माफ करतो. सवड असताना बिघडवलेलं माफ करणं जड जातं.

सांजवारा

'स्पेक्टर'बद्दल पूर्ण सहमत. पण मी 'क्वांटम'ला अजून माफ केलेलं नाही, आणि कारण मॅथिस, म्हणजे बाँडचा 'कसिनो रोयाल'पासूनचा सहकारी, आहे.

पानशेतकर

मॅथिसवर यायचंच होतं मला.

विमानातला प्रसंग. रात्र आहे, बाँडला झोप नाही, बारपाशी बसून पितोय. मॅथिस येऊन विचारतो, काय पितोयस? बाँड म्हणतो, माहीत नाही, आणि बारमनकडे बघतो. बारमन कृती सांगायला लागतो: जिन, व्होडका, किना लिले... तेच मिश्रण, ज्याला त्याने 'कसिनो रोयाल'मध्ये व्हेस्परचं नाव दिलं होतं. आणि असे सहा झालेत. बाँड ते नाव उच्चारत नाही. आख्ख्या सिनेमात त्याचं दुःख इथे दिसतं, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून, दारूच्या कृतीतून. क्रेगचे डोळे बघा त्या वेळी.

मग ला पाझमध्ये मॅथिसला गोळ्या लागतात. तो बाँडच्या मिठीत मरतो, मरताना सांगतो की व्हेस्परला माफ कर, स्वतःलाही माफ कर. आणि बाँड त्याला उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकतो, पाकिटातले पैसे काढून घेतो आणि निघतो. कमिल विचारते, मित्रांशी असं वागतोस? तो म्हणतो, त्याला काही वाटलं नसतं.

मला हे पटतं, कारण हा माणूस आतून मेलाय. पण पटायला मला स्वतःहून खूप काम करावं लागलं. थिएटरात मला फक्त धक्का बसला होता.

कातरकाम, एक विचारू? तुम्हाला हा सिनेमा परत जोडायला दिला, नवीन काही चित्रित करायचं नाही, फक्त असलेल्या रशेसमधून, म्हणजे कच्च्या चित्रीकरणातून, आणि आणखी चार आठवडे, तर तुम्ही काय कराल?

कातरकाम

रात्री हाच विचार करत होते, त्यामुळे उत्तर तयार आहे.

गार्डाच्या पाठलागात तीन वाइड टाकेन. दार तुटतं तो कट मोकळा करेन आणि नंतर बाँडच्या अंगावर वारा येतो तिथे थांबेन. सिएनातली शर्यत आणि पाठलाग यांची भेसळ निम्म्यावर आणेन. ऑपेराला हात लावणार नाही.

वस्तीत भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायका: तो शॉट जिथे सुरू होतो त्याच्या आधीचं आणि नंतरचं जे काही असेल ते सगळं ठेवेन. कॅमेरा सुरू झाल्यापासून 'कट' म्हणेपर्यंत. रशेसमध्ये अशा शॉटच्या शेवटी नेहमी काहीतरी सापडतं. एखादी बाई काम झालं असं समजून भांडं दुसऱ्या हातात घेते, कमरेवर टेकवते. तेच हवं असतं.

आणि मॅथिस. पेटीचं झाकण खाली आल्यावर बाँडचा हात त्यावर क्षणभर जरी राहिला असेल, एखाद्या टेकमध्ये, चुकून का होईना, तर तो शॉट शोधून काढेन. कमिलचा प्रश्न मग त्या हातावर ऐकवेन.

मांजराकाठ

हा मी बघेन.